तळेगावच्या बंगल्याची बाग करून घेतली, त्या लँडस्केपवाल्या ताईंच्या कामाचा रिव्ह्यू

बागेसाठी डिझायनरला वेगळे पैसे कशाला द्यायचे, नर्सरीवाला सांगतोच की कुठे काय लावायचं, असं आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय. आम्ही दिले. आता बागेचा दुसरा पावसाळा चालू आहे, त्यामुळे नव्याची नवलाई संपून जे उरलंय त्याबद्दल लिहिता येईल. ताईंचं नाव इथे देत नाही, त्या एकट्या काम करतात, वर्षाला मोजकीच कामं घेतात आणि नाव पब्लिक करू नका असं त्यांनीच सांगितलंय. पण त्यांनी काम कसं केलं हे वाचलंत तर तुमच्याकडे जो कोणी येईल त्याला काय विचारायचं ते तरी कळेल.

जागा अशी. तळेगावला प्लॉट, घर ग्राउंड प्लस वन, आणि बागेला साधारण १४०० स्क्वेअर फूट मोकळं. त्यातला मोठा तुकडा, म्हणजे ४० बाय २२, घराच्या उत्तरेला, पूर्वेला एक अरुंद पट्टा आणि नैर्ऋत्येला थोडीशी जागा. सासूबाईंना पूजेची फुलं हवी होती, नवऱ्याला लॉन, आणि मला संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर फोन आत ठेवून बसता येईल अशी एक जागा. बस एवढंच, पण ही जागा म्हणजे काय ते मला कुणाला नीट सांगताच येत नव्हतं.

ताईंच्या आधी एका मोठ्या लँडस्केप कंपनीचं कोटेशन घेतलं होतं. थ्रीडी व्ह्यू खूप सुंदर, पूर्ण उत्तरेला लॉन, एका भिंतीवर व्हर्टिकल गार्डन, कोपऱ्यात धबधबा, बुद्धाचं शिल्प, गेटपासून पोर्चपर्यंत फॉक्सटेल पामची रांग. आणि पश्चिमेच्या कोपऱ्यातला जुना कडुनिंब काढायचा, कारण त्याचा पाला लॉनवर पडतो. त्या चित्रात सगळीकडे ऊन होतं. प्रत्यक्ष जागेवर माणूस आला तो टेपने मापं घेऊन पंधरा-वीस मिनिटांत गेला.

ताई आल्या त्या झाडांबद्दल काही बोलल्याच नाहीत. आधी विचारलं घराची उंची किती, पॅरापेट म्हणजे गच्चीचा कठडा धरून. मी म्हटलं २२ फूट. मग त्यांनी जे सांगितलं ते आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, की आपण साधारण पावणेएकोणीस अक्षांशावर आहोत, डिसेंबरात भर दुपारी बारालासुद्धा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर, म्हणजे तुमच्या घराची सावली उत्तरेला जवळजवळ २० फूट पडणार आणि तुमची मोकळी जागा २२ फूट रुंद आहे. थंडीत तिथे ऊन नाहीच म्हणा. आणि उलट मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत सूर्य डोक्यावर किंवा थोडा उत्तरेला, म्हणजे ढग नसले की तीच जागा भाजून निघणार. तिथे लॉन टाकलं तर थंडीत पिवळं पडून मॉस धरणार आणि मेमध्ये पाणी पिऊन पिऊन दमवणार. त्या जागी अशीच झाडं टिकतील ज्यांना दोन्ही चालतं. एवढं ऐकल्यावर थ्रीडी व्ह्यूचं काय करायचं ते आमचं ठरलं.

लॉनचं गणितही त्यांनी तिथेच मांडलं. उन्हाळ्यात रोज ५-६ मिलिमीटर पाणी गवतातून आणि मातीतून उडून जातं, १ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, तर ९०० स्क्वेअर फुटांच्या लॉनला रोज सव्वाचारशे ते पाचशे लिटर. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. नवरा गप्प झाला. मग ईशान्येच्या कोपऱ्यात, जिथे थंडीतसुद्धा सकाळचं ऊन पूर्वेच्या पट्ट्यातून येतं, तिथे साधारण १९० फुटांचं लॉन ठरलं. दिवसाला शंभर लिटरच्या आसपास, तेही किचनमधलं भाज्या धुतलेलं पाणी वगैरे धरून भागतं. मुलं तेवढ्यावरही मनसोक्त लोळतात.

पुढचं काम मातीचं. दीड फुटाचा खड्डा खणायला लावला, काठोकाठ पाणी भरलं आणि म्हणाल्या उद्या सकाळी मला फोटो पाठवा. सकाळी अर्धा खड्डा भरलेलाच. खाली काळी चिकणमाती आणि वर बिल्डरने दाबून टाकलेला राडारोडा, विटांचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, टाइल्स, काय काय निघालं म्हणून सांगू. नर्सरीवाल्याने या मातीत एक फुटाचा खड्डा करून त्यात लाल माती-शेणखत घालून झाड लावलं असतं आणि पावसाळ्यात त्या खड्ड्याची कुंडीच झाली असती, भोक नसलेली. मुळं कुजून झाड बसलं असतं आणि आपण म्हणालो असतो की आमच्या हाताला झाड लागत नाही. ताईंनी राडारोडा काढायला लावला, उत्तरेच्या कडेने चर खणून त्यात भोकं पाडलेला पाइप आणि खडी टाकली, तो पाइप शोषखड्ड्यात सोडला, आणि वाफे जमिनीपासून उचलून घेतले. साधारण ५०० स्क्वेअर फूट वाफे, दीड फूट माती, म्हणजे साडेसात ब्रास भर (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). मातीत कुजलेलं शेणखत, थोडं कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, निंबोळी पेंड. दिसायला यातलं काहीही दिसत नाही आणि पैसे मात्र इथे भरपूर गेले, त्यामुळे घरात थोडी कुरकुर झाली. पण गेल्या पावसाळ्यात शेजारच्या दोन बंगल्यांत पाणी साचून झाडं गेली आणि आमच्याकडे एक तगर सोडली तर काहीही गेलं नाही.

आता माझ्या बसायच्या जागेबद्दल, कारण हे मला सगळ्यात आवडलंय. ताईंनी घरातली एक प्लॅस्टिकची खुर्ची घेतली आणि संध्याकाळी बागेत वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून मला बसायला लावलं, दर वेळी एकच प्रश्न, समोर काय दिसतंय आणि काय ऐकू येतंय. एका जागी शेजाऱ्यांची पाण्याची टाकी, एका जागी आमच्याच एसीचं आउटडोअर युनिट, एका जागी रस्ता. शेवटी पश्चिमेच्या कोपऱ्यात, त्या कडुनिंबाखाली खुर्ची ठेवली, तोंड पूर्वेला. इतकी वर्षं राहून मला माहीत नव्हतं की तिथून कंपाउंडच्या वरून डोंगराची कड दिसते आणि मावळतीचं ऊन पाठीमागून येऊन त्या डोंगरावर पडतं. डोळ्यांवर ऊन नाही, समोर लांबच लांब बाग, शेवटी लॉनचा तुकडा आणि त्याच्यावर डोंगर. बाक तिथेच आणि कडुनिंब अर्थातच राहिला.

त्या म्हणाल्या, एकदा सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जाऊन या, तळ्याजवळ उभं राहून पर्वतीकडे बघा. आम्ही आधी कितीतरी वेळा गेलोय तिथे, पण बघितलं नव्हतं असं म्हणायला हवं. ती बाग जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलीय. कोराकुएन १७०० साली पूर्ण झाली, तिथे पाठीमागे ओकायामाचा किल्ला दिसतो आणि तो बागेचाच भाग असल्यासारखा धरलेला आहे. आपल्या पुण्यातल्या बागेत तेच काम पर्वती करते. दहा एकरांची बाग त्या टेकडीमुळे कुठे संपते ते कळतच नाही, शिवाय वाटा वळत जातात, एका नजरेत सगळं दिसत नाही. आपल्या चौदाशे फुटांत तेच करायचं, असं ताईंचं म्हणणं. म्हणून पूर्वेच्या कंपाउंडजवळ उंच काही लावलंच नाही, शेजाऱ्यांची टाकी जिथे दिसते तेवढ्याच पट्ट्यात कामिनीचं हेज, बाकी सगळं कमरेच्या आत. आणि वाट सरळ न नेता मध्ये एका अनंताच्या झुडपाला वळसा घालून नेली, त्यामुळे बाकावरून दिसणारं लॉन वाटेवरून चालताना एकदम समोर येतं.

वाटेचं एक सांगायलाच हवं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या म्हणाल्या, "अहो बाई, ते दगड-बिगड नको, मी पडेन, सरळ फरशी घाला." तर ताई म्हणाल्या, "काकू, तुम्ही नुसतं चालून दाखवा, मग ठरवू." मातीवर पाणी मारलं होतं, त्यावरून सासूबाई त्यांच्या नेहमीच्या चालीने तुळशीपर्यंत गेल्या आणि ताई मागून प्रत्येक पावलावर फक्कीची खूण करत गेल्या. दगड त्याच खुणांवर बसले. पुस्तकात असतं दोन फुटांचं अंतर, आमच्याकडे दीड फुटाच्याही आत आहे. दगड काळा, पॉलिश अजिबात नाही, पाथरवटाने टाकीने घाव घातलेला, आणि जमिनीच्या बरोबरीत बसवलेला की ठेच लागू नये. पावसात शेवाळ धरू नये म्हणून वर्षातून एकदा ब्रशने घासायचा, एवढंच. आता सासूबाई रोज पहाटे एकट्या त्या वाटेने प्राजक्ताची फुलं वेचायला जातात, हात धरायला कुणी लागत नाही. मला या एका गोष्टीसाठी ताईंची पूर्ण फी द्यायला लागली असती तरी चाललं असतं.

झाडांची यादी ताईंनी वासावरून आणि महिन्यांवरून केली. उन्हाळ्यात मोगरा, त्याच्या मागोमाग अनंत, पाऊस सुरू झाला की कामिनी आणि सोनचाफा, ऑगस्टपासून थंडी पडेपर्यंत प्राजक्त, थंडीत कुंद. बाकाच्या आसपास मुद्दाम पांढरीच फुलं, कारण दिवेलागणीला लाल-जांभळं काही दिसेनासं होतं आणि पांढरं उरतं, आणि यातल्या बऱ्याच फुलांचा वासही संध्याकाळनंतरच वाढतो. मी ऑफिसमधून येते तीच वेळ. राणी रंगाची बोगनवेल हवी होती मला, ती गेटावर घेतली. जास्वंद आणि कण्हेर नैर्ऋत्येला उन्हात, तिथेच लिंबू आणि कढीपत्ता. उत्तरेच्या सावलीत नेचे, सिंगोनियम, स्पायडर लिली. रातराणी मात्र बेडरूमच्या खिडकीपासून लांब, माझ्या नवऱ्याचं डोकं दुखतं त्या वासाने, हेही त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं.

लिंबावर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आल्या तेव्हा माळीकाका औषध मारायला निघाले होते. ताईंनी फोनवरच थांबवलं. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉन राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं ना, त्याची मादी लिंबाच्याच जातीच्या झाडांवर अंडी घालते, थोडी पानं खाऊ द्या, झाड मरत नाही. खाऊ दिली. काळ्या पंखांवर निळा पट्टा असलेलं ते भलंमोठं फुलपाखरू आता जास्वंदीवर येतं आणि माझी लेक शाळेची बस सोडून बघत बसते.

सोनचाफ्याची गोष्ट मुद्दाम लिहितेय कारण कुणाच्याही बाबतीत होऊ शकते. मोठी झाडं ताईंनी मृगाच्या पावसापर्यंत थांबवली होती. जूनमध्ये नर्सरीतून टेम्पो आला, चाफा छान उंच, हिरवागार, आम्ही खूश. ताईंनी पिशवी बाजूला करून खोडाचा खालचा भाग बोटाने चाचपला आणि म्हणाल्या हा परत पाठवा. कलमाला खाली सांधा दिसतो, खोड तिथे थोडं जाड किंवा वाकडं असतं, याचं खोड सरळसोट होतं, म्हणजे बियांपासूनचं रोप, ज्याला फूल यायला आठ-दहा वर्षंही लागू शकतात. कलमी झाड दोन-तीन वर्षांत फुलतं. बिल कलमाचंच लावलेलं. नर्सरीने बदलून दिलं, पण ताई नसत्या तर आम्ही ते लावलं असतं आणि खत घालून घालून फुलाची वाट बघत बसलो असतो.

पाण्याचा आवाज मला हवाच होता, जुना मुंबई-पुणे हायवे फार लांब नाही आणि रात्री ट्रकचा आवाज येतो. माझी समजूत होती की दाट झाडी लावली की आवाज अडतो. ताईंनी स्पष्ट सांगितलं की एवढ्याशा हेजने आवाज जवळजवळ काहीच कमी होत नाही, तो अडतो भिंतीने, पण कानाजवळ दुसरा बारीक आवाज असला की लांबच्या आवाजाकडे लक्ष जात नाही. त्यांनी जुन्या दगडवाल्याकडून एक दगडी डोणी शोधून आणली, गुरांना पाणी पाजायची असायची ना तशी, तिच्यात छोटा पंप बसवून पाणी काठावरून खालच्या गोट्यांवर पडतं आणि पुन्हा वर जातं. बाकापासून जेमतेम पाच फुटांवर. ट्रक अजूनही जातात, मला कळतसुद्धा नाही. डासांसाठी गप्पी मासे सोडलेत. सकाळी बुलबुल आणि सूर्यपक्षी अंघोळीला येतात.

दिवे अगदी कमी, ३००० केल्विनचे पिवळसर, गुडघ्याच्या खाली आणि खालच्या बाजूला वळवलेले. झाडांवर खालून मारलेले फोकस त्यांनी नाही म्हणजे नाहीच दिले, आणि आता अंगणात बसून चांदण्या दिसतात तेव्हा पटतं.

आता खटकलेलं. एक, उशीर. दिवाळीपर्यंत देते म्हणाल्या होत्या, दगडकाम संपायला संक्रांत उजाडली. पाथरवट त्यांच्या ठरलेल्या माणसांपैकीच, तो दुसऱ्या कामावर गेला की आमचं बंद, आणि आम्ही मात्र अर्धवट खणलेल्या अंगणातून पाहुण्यांना आत आणत होतो. याचा ताप झाला हे खरं. दोन, ड्रिप, म्हणजे झाडांना थेंबथेंब पाणी देणाऱ्या नळ्या. आमचं बोअरचं पाणी जड आहे, क्षारांनी ड्रिपर चोंदायला लागले आणि उन्हाळ्यात दोन मोगरे वाळल्यावर आमच्या लक्षात आलं. फिल्टर होता, पण फिल्टर कचरा अडवतो, विरघळलेला क्षार अडवत नाही. नळीचं टोक दर पंधरवड्याला उघडून पाणी जोरात सोडायचं, आणि मधूनमधून ड्रिपर काढून साफ करायचे, हे हँडओव्हरच्या वेळी सांगायला हवं होतं. ताईंनी नंतर येऊन सगळे ड्रिपर बदलून दिले, पैसे घेतले नाहीत, तरी मोगरे गेले ते गेलेच. तीन, देखभालीचा जो कागद दिला तो इंग्रजीत होता. माळीकाकांना त्याचा काय उपयोग. सांगितल्यावर त्यांनी मराठीत फोटोंसकट करून दिला, आता तो पंपाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय आणि काका खरंच बघून बघून काम करतात.

आणखी एक, ही तक्रार नाही पण तयारी ठेवा. पहिलं वर्ष बाग ओकीबोकी दिसते. ताई झाडाचा पूर्ण वाढीचा घेर धरून अंतर ठेवतात, त्यामुळे सुरुवातीला मातीच जास्त दिसते आणि येणारा जाणारा विचारतो की अजून काम चालू आहे का. नुसत्या फोटोसाठी दाटीवाटीने लावलेल्या बागा मी आमच्याच लेनमध्ये बघितल्यात, दीड वर्षात अर्धी झाडं उपटून टाकायला लागली, आणि उरलेली सरळ वाढलीच नाहीत. आमच्या मोकळ्या मातीत ताईंनी पहिल्या वर्षापुरती झेंडू, गवती चहा आणि पुदिना लावायला सांगितला होता. गवती चहाचं बेट आता काढवत नाही, ते राहू दिलंय.

खर्च, कारण सगळे तेच विचारतात. डिझाइनची फी ३० हजार, ती वेगळी आणि आधी. राडारोडा काढणं, चर, माती, खत मिळून ९५ हजार. दगडकाम, वाट, बाक, डोणी १ लाख ३० हजार. ड्रिप, पंप, दिवे ५५ हजार. झाडं ६० हजार. एकूण ३ लाख ७० हजार. मोठ्या कंपनीचं कोटेशन याच्यापेक्षा जास्त होतं आणि त्यात निम्म्याहून जास्त रक्कम झाडं आणि तयार लॉनची होती, मातीसाठी एक ओळ. ताई साहित्यावर कमिशन घेत नाहीत, बिलं थेट आमच्या नावावर यायची, प्रत्येक बिल मी बघितलंय.

कुणी यांच्याकडे जाऊ नये तेही सांगते. महिन्याभरात गृहप्रवेश आहे आणि तोपर्यंत हिरवंगार पाहिजे असेल तर नको, त्या तसं काम घेणारही नाहीत. ज्यांना आपली यादी आधीच पक्की करून तीच लावून हवी असते त्यांचंही जमणार नाही, माझा बोगनवेलीसाठी चांगलाच वाद झाला होता. बाकी सगळ्यांनी जरूर, माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा ड्रिपचा आणि संक्रांतीचा कापला.

आणि घर अजून बांधून व्हायचं असेल तर डिझायनरला कंपाउंड वॉल आणि ड्रेनेजच्या आधीच बोलवा, तुमच्या गावात जो कोणी चांगला असेल त्याला. आमचा ड्रेनेजचा चेंबर नेमका प्राजक्ताच्या जागी निघाला, प्राजक्त चार फूट सरकवला. बिल्डरला राडारोडा बागेच्या जागेत पुरू देऊ नका, करारातच लिहून घ्या. अंगणात एक नळ आणि एक बाहेरचा प्लग पॉइंट आधीच काढून ठेवा, आम्हाला भिंत फोडायला लागली. आधीपासून जे झाड उभं आहे ते कुठल्याही चित्रात बसत नाही म्हणून तोडू नका, आमचा कडुनिंब आज लावला असता तर त्याच्याखाली बसायला मला रिटायर व्हावं लागलं असतं. काही विचारायचं असेल तर विचारा, दगड आणि मातीचे रेट मी तारखेनिशी लिहून ठेवलेत, ते पाठवते.